कैलासशेठची उंची

"चाळीस फूट म्हंजी किती, ते तरी ठावं हाय का तुला?" धोंडिबा आबांनी विचारलं.

"आबा, चाळीस म्हणजे चाळीस. परवानगी चाळीसची, बोर्ड चाळीसचा," कैलासशेठ म्हणाला.

"मंग त्येची सावली माझं घर वलांडून पलीकडं कशी जाती?"

"सावलीला परवानगी लागत नाही आबा. कुठंबी जाऊ शकते."

यावर कैलासशेठबरोबर आलेले सोपानभाऊ हसले. बोर्ड त्यांच्याच बांधावर उभा होता आणि त्याचं भाडं त्यांच्याच घरी येत होतं, तेव्हा हसणं त्यांना परवडत होतं.

पवनानगरच्या रस्त्याला जिथं मोठं वळण आहे, तिथं एप्रिलात हा बोर्ड उभा राहिला. कैलासशेठ वलवणचा. बोर्ड उभे करणं आणि त्यावर तंबूवाल्यांच्या, बंगलेवाल्यांच्या जाहिराती चढवणं हा त्याचा धंदा. तीन लोखंडी खांब आणि वर पत्र्याची भलीमोठी भिंत. भिंतीचं तोंड रस्त्याकडं, पाठ धोंडिबा आबांच्या घराकडं. उत्तरेकडच्या खांबापासून आबांच्या भिंतीपर्यंत पंचेचाळीस फूट अंतर होतं. म्हणूनच ग्रामसभेत आबांनी उभं राहून ठरावात घालून घेतलं होतं की बोर्डाची उंची चाळीस फुटांच्या वर जाता कामा नये. पडलाच तर अंगणात पडावा, घरावर नको. आबांनी एवढंच मागितलं होतं.

आणि शनिवारी वळीव आला. वारं असं सुटलं की बोर्ड रात्रभर कुरकुरत राहिला. सकाळी पाहतात तो वरचा एक पत्रा सुटून गोठ्याच्या कौलांवर आडवा. म्हैस वाचली, पण दोन दिवस तिनं पान्हा सोडला नाही. आबांनी सोमवारी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. आता कैलासशेठ तो अर्ज निकाली काढायला आला होता. हातात टाईप केलेला कागद होता: बोर्ड चाळीस फुटांचाच आहे, माझी काही हरकत नाही. खाली आबांच्या सहीसाठी रेघ मारून ठेवलेली.

"वर चढून टेप सोडा की," यशोधरा म्हणाली.

यशोधरा आबांची नात. दहावीत गेलेली. दारात उभी राहून ती सगळं ऐकत होती.

"वर चढायला बंदी आहे बाळा," कैलासशेठ म्हणाला. "इन्शुरन्स असतो. शिडीला कुलूप असतं. कोण पडलं-झडलं तर?"

"बोर्ड पडला तर चालतंय, माणूस पडलं तर न्हाई, व्हय?" आतून शालन म्हणाली. शालन यशोधराची आई. तिला मधे बोलायची सवय नव्हती, पण म्हशीचं दूध आटल्यापासून लागली होती.

"शिडी नकोच," यशोधरा म्हणाली. "मी खालून मोजते. काठी लागंल एक, आन् ऊन."

कैलासशेठनं वर पाहिलं. मे महिना होता. ऊन भरपूर होतं, नाही म्हणायला जागा नव्हती. "मोज की," तो म्हणाला. "मंगळवारी ग्रामसेवक भाऊसाहेब येतात, त्यांच्यासमोरच मोज. कागद तोवर माझ्याकडंच राहू द्या."

यशोधराला हे बळ आलं कुठून, तर शाळेतून. दहावीचे जादा तास सुट्टीतच सुरू झाले होते. सारिका मॅडम बेगडेवाडीहून गाडीनं कामशेतला यायच्या आणि तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गावात. भूमितीचं पहिलंच प्रकरण समरूपता. त्यातली को-को कसोटी फळ्यावर आली तेव्हा निम्म्या वर्गाला वाटलं, खेळाचा तास आहे. मॅडमनी समजावलं, एका त्रिकोणाचे दोन कोन दुसऱ्याच्या दोन कोनांएवढे असले की दोन्ही त्रिकोण समरूप. एक लहान, एक मोठा, पण बांधा तोच. मग बाजू प्रमाणात. लहान त्रिकोण तुमच्या हातात असला की मोठा आपोआप हातात येतो. यशोधराला चाचणीत वीसपैकी सहा मिळाले होते. पण काठी आणि झाडाच्या सावलीचं ते उदाहरण मात्र तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. किंवा तिला तसं वाटत होतं.

मंगळवार उजाडला. आबांची गुरांमागची काठी टेपनं बरोबर पाच फुटांवर कापली. घराच्या शेजारी भाताचं खळं होतं, शेणानं सारवून आबांनी असं सपाट केलेलं की त्यावर गोटी ठेवली तरी घरंगळायची नाही. बोर्डाच्या उत्तरेकडच्या कोपऱ्याची सावली घर सोडून नेमकी त्याच खळ्यावर पडायची. चार वाजता यशोधरानं काठी उभी केली आणि तिची सावली मोजली. पाच फूट आठ इंच. वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

तेवढ्यात भाऊसाहेबांची मोटारसायकल आली.

आता ग्रामसेवक दारात आला आणि चहा न पाजता त्याला कामाला लावलं, असं वस्तीत आजवर कुणी केलं नव्हतं. शालननं पोहे टाकले. मग चहा. भाऊसाहेबांच्या गुडघ्याचं दुखणं निघालं. त्यावर आबांनी निरगुडीचा पाला सांगितला, सोपानभाऊंनी तळेगावचा डॉक्टर सांगितला, आणि दोघांचं त्यावरून थोडं वाजलं. कैलासशेठनं दुसऱ्यांदा पोहे घेतले. पस्तीस मिनिटं गेली. मग सगळे तोंड पुसत खळ्यावर आले आणि बोर्डाच्या कोपऱ्याची सावली मोजली. ब्याण्णव फूट.

यशोधरानं वहीच्या मागच्या पानावर त्रैराशिक मांडलं. उत्तर आलं तसं तिनं जोरात वाचलं.

"ऐंशी फूट. वर थोडं."

आबांचे डोळे मोठे झाले. कैलासशेठ मात्र अजिबात घाबरला नाही. त्याला बोर्डाची खरी उंची माहीत होती, आणि ती ऐंशी नव्हती.

"हुशार आहे पोरगी," तो म्हणाला. "तर मग असं कर. रस्त्यापलीकडं झेंड्याचा खांब आहे. वीस फुटी पाइप. सोपानभाऊंनी स्वतः आणून बसवला, सगळ्या गावाला ठाऊक आहे. तो मोज बघू ह्याच काठीनं."

सगळे रस्ता ओलांडून गेले. खांबाची सावली भरली तेहेतीस फूट. यशोधरानं गणित केलं. मग पुन्हा केलं. मग पेन्सिल चावत उभी राहिली.

"किती आलं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"एकोणतीस."

"वीसचा पाइप एकोणतीस झाला," कैलासशेठ सोपानभाऊंना म्हणाला. "खत कंचं घातलंवतं भाऊ?"

मग जे हसू उठलं ते रस्त्यावरून जाणाऱ्या जीपमध्येसुद्धा पोचलं. सोपानभाऊ म्हणाले, "पोरींना शिकवावं. मोजायला लावू नये." भाऊसाहेबांनी वहीत लिहिलं की मोजणी विश्वासार्ह नाही, अर्जदारानं शुक्रवारी येऊन अर्ज मागे घ्यावा. गुडघा धरत ते गाडीवर बसले.

यशोधरा परत खळ्यावर येऊन उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

"शुक्रवारी म्या सही करतो," आबा म्हणाले. "जाऊ दे पोरी. आपुन पावसाळाभर पलीकडच्या पडवीत निजू."

"न्हाई करायची सही," ती म्हणाली. "पुस्तक खोटं न्हाई. मीच कुटंतरी माती खाल्ली. कुटं खाल्ली ते कळू दे आधी."

बुधवारी सकाळी ती मॅडमसमोर वही घेऊन उभी राहिली. मॅडमनी दोन्ही गणितं तपासली. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर. मॅडमनी वही मिटली आणि सांगितलं नाही काय चुकलं. म्हणाल्या, "चला सगळे पटांगणात. प्रत्येकानं आपली उंची आणि आपली सावली मोजायची आणि भागाकार करून मला सांगायचा."

वीस पोरं उन्हात उभी राहिली. पोरींनी पोरांच्या सावल्या मोजल्या, पोरांनी पोरींच्या. लहान, मोठे, लुकडे, जाडे, सगळ्यांचं उत्तर जवळपास एकच येत गेलं. एकट्या आकाशचं वेगळं आलं.

"बाई, ह्याची सावलीच कमी भरती," प्रतीक्षा म्हणाली. प्रतीक्षा यशोधराच्या बाकावरची. "ह्यो आधीपासूनच तसा हाय, कामाला कमी."

"माझी उंची बरोबर हाय," आकाश म्हणाला. "सावली बी बरोबर हाय. तूच मोजलीस."

"तू व्हतास कुटं इतका वेळ?" यशोधरानं विचारलं.

"वडापाव खायला गेलतो."

"किती वेळ?"

"दोन खाल्ले. अर्धा तास झाला आसंल."

यशोधरानं आकाशकडं पाहिलं, मग जमिनीवरच्या सावलीकडं, मग मॅडमकडं.

"बाई," ती हळू म्हणाली, "काठीचा एक कोन काटकोन, बोर्डाचा एक कोन काटकोन. ते झालं. पर दुसरा कोन उन्हाचा. तो दोघांना सारखा पायजे. म्हंजी दोन्ही सावल्या एकाच टायमाला मोजायला पायजेत. मी काठी मोजली चारला आन् बोर्ड मोजला पोहे झाल्यावर."

"मग ते त्रिकोण समरूप होते का?"

"कशाचे व्हतील? कोन बदलला. एक चहाच्या आधीचा त्रिकोण, एक चहाच्या नंतरचा."

"बस खाली," मॅडम म्हणाल्या. "प्रकरण संपलं तुझं."

पण ती खाली बसली नाही. तिला शुक्रवारची आखणी करायची होती. काठी आणली तर कैलासशेठ काठीलाच खोट काढणार, हे तिनं ओळखलं होतं. काठी कापली कुणी, टेप कुणाचा, धरली कशी. गणितही नको, पुन्हा कुणी खत विचारायला नको. ज्या क्षणाला काठीची सावली काठीएवढी होते, त्या क्षणाला बोर्डाची सावली बोर्डाएवढी. मग गणित करायचंच नाही, नुसती सावली मोजायची. हे तिला जेवताना सुचलं आणि ती भाकरी हातात घेऊन खळ्यावर गेली ती आईनं तीनदा हाक मारेपर्यंत तिथंच उभी.

शुक्रवारी साडेतीनलाच खळं भरलं. मंगळवारची गंमत ऐकून आणखी वीसेक माणसं आली होती. भाऊसाहेब आले, सोपानभाऊ आले, कैलासशेठ आला, आणि या वेळी सरपंचही आल्या. सरपंच म्हणजे नंदाबाई, सोपानभाऊंची मंडळी. तीन वर्षं सरपंच होत्या, पण गाव सरपंच म्हणून हाक मारायचा ती सोपानभाऊंना. नंदाबाई घरी ब्लाऊज शिवायच्या आणि सोपानभाऊ बोट ठेवतील तिथं सही करायच्या. आज अर्ज निकाली काढायचा तर सही लागणार, म्हणून त्यांना आणलं होतं.

भाऊसाहेब ओट्यावर टेकले आणि आत पाहू लागले. आतून धूरही येईना, भांडंही वाजेना.

"चूल पेटवली न्हाई आज," शालन दारात उभी राहून म्हणाली. "आधी मोजणी."

वस्तीतल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडं पाहिलं. असं त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. सोपानभाऊ म्हणाले, "पाहुण्याला चा न्हाई?"

"पाहुण्याला हाय," शालन म्हणाली. "मोजणीला न्हाई."

भाऊसाहेब उठले.

"काठी कुठाय?" कैलासशेठनं विचारलं. "बघू दे आधी. परवा वाकडी होती."

"काठी आणलीच न्हाई," यशोधरा म्हणाली. "शेठ, तुमीच काठी व्हा."

"मी?"

"परवाची काठी खोटी निघाली. तुमी तर खोटे न्हाई. हितं खळ्यावर सरळ उभं राहायचं, बाकी काय न्हाई."

कैलासशेठ मागं सरकला. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "उन्हात कोमेजत्याल गं ते." कैलासशेठ पुढं आला. गॉगल नीट केला, छाती काढली आणि उभा राहिला.

"उंची किती तुमची?"

खळ्यावर पन्नास माणसं होती, त्यात निम्म्या बाया. कैलासशेठनं पोट आत घेतलं.

"पाच दहा."

"पाच फूट दहा इंच. भाऊसाहेब, लिहून घ्या."

भाऊसाहेबांनी लिहिलं. नंदाबाईंनी कैलासशेठकडं एकदा पाहिलं. कुणाच्या अंगाला किती कापड लागेल हे त्या लांबूनच सांगायच्या. पण विचारलं नव्हतं, म्हणून बोलल्या नाहीत.

यशोधरानं शाळेतली फक्की आणली होती, कबड्डीच्या रेघा मारायची. कैलासशेठच्या टाचेपासून सत्तर इंच मोजून तिनं एक पांढरी रेघ मारली. प्रतीक्षाला फक्कीची पिशवी देऊन तिकडं लांब, बोर्डाच्या कोपऱ्याच्या सावलीपाशी उभं केलं.

"आता काय?" कैलासशेठनं विचारलं.

"आता काय न्हाई. तुमच्या डोक्याची सावली ह्या रेघेला टेकली की तुमी आन् सावली सारखी. त्याच टायमाला बोर्ड आन् त्याची सावली सारखी. तवर गप उभं राहायचं."

सगळे रेघेकडं बघत उभे राहिले. सावली रेघेच्या अलीकडं होती. मांजर उंदराकडं सरकावं तशी ती सरकत होती. चारला दहा मिनिटं कमी असताना आकाशनं कुठून तरी विचारलं, "शेठ, केस धरायचे का टक्कल?" त्याला मॅडमनी एक चापट मारली. मॅडम दुपारची गाडी सोडून थांबल्या होत्या.

सावली रेघेला टेकली.

"प्रतीक्षा," यशोधरा म्हणाली.

तिकडं फक्की पडली. भाऊसाहेबांनी स्वतः टेपचं एक टोक उत्तरेकडच्या खांबाला लावलं, दुसरं आबांनी धरलं. त्रेसष्ट फूट सात इंच. भाऊसाहेबांनी दोनदा वाचलं.

"पंचेचाळीस फुटांवर आमची भित," आबा सावकाश म्हणाले. "म्हंजी ह्यो पडला तर चुलीवरनं पलीकडं जातो. आन् म्या पलीकडच्या पडवीत निजाया निघालतो."

"हे बरोबर नाही," कैलासशेठ म्हणाला. "त्रेसष्ट नाहीच तो. मला माहीत आहे ना किती आहे ते."

"किती हाय?" यशोधरानं विचारलं.

कैलासशेठ गॉगल काढून पुसू लागला.

"एकच गोष्ट चुकू शकती," यशोधरा म्हणाली. "तुमची उंची. ती जास्त सांगितली आसंल तर बोर्ड बी जास्त भरतो. सांगा तुमी, मी बोर्ड तेवढा खाली आणते."

कैलासशेठनं बोर्डाकडं पाहिलं, मग बायांच्या घोळक्याकडं. तीन-साडेतीन फुटांचा प्रश्न होता. धंद्यातला माणूस, फुकट तीन फूट अंगावर घेणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"असेल एखाद-दोन इंच कमी," तो पुटपुटला.

"सरळ उभं ऱ्हावा," नंदाबाई म्हणाल्या आणि कमरेच्या पिशवीतून शिंप्याचा टेप काढून त्याच्या टाचेला लावला. "सहासष्ट. बुटासकट."

म्हणजे पाच फूट सहा. बायांमधून जे हसू आलं ते मंगळवारच्या हसण्यापेक्षा बारीक होतं, पण जास्त लांब गेलं. यशोधरा हसली नाही. तिनं वही उघडली.

"सत्तरच्या जागी सहासष्ट. त्याच प्रमाणात बोर्ड कमी." तिनं गुणाकार केला, भागाकार केला. "साठ फुटाला अर्धा इंच कमी. आता बरोबर हाय का शेठ?"

कैलासशेठच्या तोंडून "हां" निघून गेलं. बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

"ठेकेदारास मान्य," भाऊसाहेब लिहिता लिहिता म्हणाले. "साठ. परवानगी चाळीस. वीस फूट जास्त." सरकारी नोकरीत त्यांना इतकं सरळ वाक्य लिहायला क्वचितच मिळालं असेल. त्यांनी त्याखाली लिहिलं की पावसाआधी वरचा भाग उतरवावा, आणि कागद सरपंचांपुढं धरला.

"थांब," सोपानभाऊ म्हणाले. "घरी जाऊन वाचू, मग करू सही."

नंदाबाईंनी पेन घेतलं. "माप म्या घेतलंय. मला काय वाचायचंय?"

"अगं पर भाडं..."

"तुमी बोट काढा तिथलं. अक्षर दिसंना."

सोपानभाऊंनी बोट काढलं. सही झाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लोणावळ्याहून क्रेन आली. खांबाच्या वरच्या चाळीस फुटी भिंतीतली अर्धी भिंत उतरवली गेली. खाली वीस फुटांचे पाय, वर वीस फुटांची भिंत, एकूण चाळीस. रुंदीला हात लावायचं कारण नव्हतं, ती ठरावात नव्हती. आबांनी पावणेचार वाजता खळ्यावर बसून आठ दिवस सावली पाहिली. भिंतीच्या अलीकडं पाच फुटांवर थांबत होती. नवव्या दिवशी ढग आले आणि त्यांनी पाहणं सोडलं.

पुढच्याच पंधरवड्यात कैलासशेठचा वाढदिवस होता. त्यानं स्वतःचा हात जोडलेला फोटो मोठ्या भिंतीच्या मापानं आधीच तयार करून ठेवला होता. नवीन कोण करणार? छापणाऱ्यानं तोच फोटो नव्या भिंतीवर बसवला. रुंदी तीच, उंची दाबून निम्मी. वळणावरून येणाऱ्या प्रत्येक जीपला एक कैलासशेठ दिसायचा, अंगानं कणगीएवढा आणि उंचीनं कणगीच्या झाकणाएवढा, सगळ्यांना नमस्कार करत.

सारिका मॅडमनी उजळणीला वर्गात विचारलं, "समरूप नसलेल्या आकृतींचं एक उदाहरण द्या."

वीस हात वर गेले आणि सगळ्या वर्गानं खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"कारण?"

"रुंदी तीच ठेवली, उंची निम्मी केली," यशोधरा उठून म्हणाली. "बाजू प्रमाणात न्हाईत. कैलासशेठ कैलासशेठला समरूप न्हाईत."

गोष्ट बाहेर गेली, जायचीच होती. दोन दिवसांनी कैलासशेठचा मुख्याध्यापकांना फोन आला, की वर्गात हे उदाहरण देऊ नये, भावना दुखावतात. मुख्याध्यापकांनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी फोन घेतला, ऐकून घेतलं आणि सांगितलं, "उदाहरण तुमचं आहे शेठ, आम्ही नाही दिलेलं. तुम्ही काढा, आम्ही पुसतो."

फोटो ऑक्टोबरपर्यंत तसाच होता. सहामाहीला त्या प्रश्नाचे दोन गुण सगळ्या वर्गाला मिळाले, आकाशला धरून.